जुन्या गाडीला नवे हेडलाइट: आधी वायर, मग दिवा

नवे एलईडी हेडलाइट बसवले, स्विच ओढला आणि डावा दिवा लख्ख पेटला. उजवा ठार. दोन्ही दिवे एकाच खोक्यातून निघालेले, तेव्हा एक खराब आला असं धरून मी त्यांची अदलाबदल केली. मगाशी मेलेला दिवा डावीकडे झकास पेटला आणि मगाशी पेटलेला उजवीकडे जाऊन गप्प बसला. म्हणजे दोष दिव्यात नव्हता, बाजूत होता. पण त्याच बाजूचा जुना हॅलोजन तासाभरापूर्वीपर्यंत जळत होता. पिवळट, मरगळलेला, पण जळत होता. दोन्ही जुने दिवे परत लावले, तर उजवा पुन्हा जळायला लागला.

मी ३१ वर्षं लिफ्टच्या कंट्रोल पॅनेलची वायरिंग केली आहे. एका पेटीत दोन-दोन डझन रिले टकटक करतात, त्यात हात बसलेला माणूस दोन दिव्यांपुढे अर्धी दुपार डोकं धरून बसला. भाचा मदतीला होता. तो आत ड्रायव्हरच्या सीटवर बसून म्हणाला, "मामा, डिपरवर असताना हा निळा दिवा मिणमिणतोय. तो अप्परचा ना?" मिणमिणत होता खरा. गेली दोन वर्षं मिणमिणत होता, आणि मी त्याला गाडीच्या म्हातारपणात जमा केलं होतं. सगळं उत्तर त्या निळ्या ठिपक्यात होतं.

माझे जुने हॅलोजन बल्ब एच-४ जातीचे. एच-४ बल्बात दोन फिलामेंट असतात, डिपरचं (जवळच्या, खाली पडणाऱ्या उजेडाचं) ५५ वॅटचं आणि अप्परचं (लांबच्या उजेडाचं) ६० वॅटचं. पिना तीन: एक डिपरची, एक अप्परची आणि तिसरी दोघांची सामाईक, जी बॉडीला म्हणजे अर्थला जाते. आता ही तिसरी वाट तुटली असं समजा. डिपरच्या वायरने आलेला करंट डिपरच्या फिलामेंटमधून सामाईक पिनेपर्यंत येतो आणि पुढे रस्ता बंद. मग तो शेजारच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा चढतो, अप्परच्या वायरीत शिरतो, त्या वायरीने पलीकडच्या दिव्याच्या अप्परच्या फिलामेंटमध्ये जातो आणि तिथल्या धडधाकट अर्थमधून बॅटरी गाठतो. डॅशबोर्डवरचा निळा दिवा त्याच अप्परच्या वायरीवर असतो, त्यालाही जाता जाता थोडा प्रसाद मिळतो. तीन फिलामेंट एका माळेत आली की कुणाचंच पोट भरत नाही, म्हणून उजेड पिवळा. एलईडीत मात्र करंटला उलटं चढता येत नाही. आडवाट बंद, दिवा बंद. हॅलोजनने दोन वर्षं पोटात घातलेला दोष एलईडीने पहिल्या सेकंदाला उघडा पाडला.

हे इतकं सविस्तर सांगितलं, कारण जुन्या गाडीला नवे दिवे लावताना येणाऱ्या अडचणींतल्या बहुतेक अशाच असतात. त्या दिव्यामुळे येत नाहीत. आधीपासून असतात, दिवा फक्त त्या दाखवून देतो.

माप घ्या, पण दिवा पेटलेला असताना

माझी गाडी १९८६ ची. पुढे सात इंची, म्हणजे १७८ मिलिमीटरचे गोल दिवे, १२ व्होल्ट, बॅटरीचा मायनस बॉडीला. तुमची फारच जुनी असेल तर प्लस बॉडीला नाही ना आणि बॅटरी ६ व्होल्टची नाही ना, एवढं आधी बघून घ्या. उलटा जोडलेला हॅलोजन काही बोलत नाही, एलईडी मरू शकतो.

मल्टीमीटर घ्या. इंजिन सुरू, थोडा रेस दिलेला, हेडलाइट डिपरवर, आणि कपलर, म्हणजे वायरींचा प्लग, दिव्यात घातलेलाच. कपलर काढून मापलं तर एका तारेवर लोंबकळणारी वायरसुद्धा पूर्ण १३ व्होल्ट दाखवते. कारण मल्टीमीटर करंट जवळजवळ खेचतच नाही. माणूस ओझ्याशिवाय उभा आहे म्हणजे ओझं उचलेल असं नाही. कपलरच्या मागून, वायरच्या कडेने टाचणी आत सरकवायची आणि तिला प्रोब लावायचा.

चार मापं पुरतात. पहिलं, बॅटरीच्या दोन टर्मिनलांवर. दुसरं, दिव्याच्या डिपर पिनेपासून सामाईक पिनेपर्यंत. तिसरं, बॅटरीच्या प्लसपासून दिव्याच्या डिपर पिनेपर्यंत. चौथं, सामाईक पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. शेवटची दोन वाटेत गळालेला व्होल्टेज दाखवतात. दुसरं, तिसरं, चौथं यांची बेरीज पहिल्याइतकी यायला हवी. नाही आली तर कुठलातरी प्रोब नीट टेकलेला नाही.

माझ्या उजव्या दिव्याचं चौथं माप ८ व्होल्टच्या आसपास आलं. ते ०.१ किंवा ०.२ असायला हवं. वायर शोधत गेलो तर मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर एका स्क्रूखाली तिची गोल थिंबल, म्हणजे टोकाची धातूची कडी होती. थिंबलवर रंग, रंगाखाली गंज, गंजाखाली हिरवट भुकटी. पूर्वी कधीतरी पत्र्याचं काम झालं तेव्हा कुणीतरी स्क्रू न काढता वरूनच रंग मारला असावा. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवी थिंबल, दातेरी वॉशर, स्क्रू घट्ट, वरून पेट्रोलियम जेली. निळा दिवा विझला आणि उजवा हेडलाइट डाव्यासारखा झाला.

इथेच काम संपलं असं वाटलं होतं. पण चारही मापं पुन्हा घेतली तेव्हा बॅटरीवर १३.७, दिव्यावर ११.७, अर्थच्या वाटेत ०.२ आणि प्लसच्या वाटेत तब्बल १.८ व्होल्ट. जुन्या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट बॅटरीतून डॅशबोर्डच्या स्विचला, तिथून स्टिअरिंगखालच्या डिपरच्या खटक्याला, मग चार कपलर ओलांडून पुढे, असा गावभर फिरून येतो. दोन दिव्यांचे मिळून ८ ते ९ अँपियर. स्विचच्या काळवंडलेल्या पट्टीत अर्धा व्होल्ट, खटक्यात जवळजवळ तेवढाच, बाकीचा वायरी आणि कपलरांत. स्विचला हात लावलात तर तो कोमट लागतो. तो कोमटपणा म्हणजे रस्त्यावर न पडलेला उजेड.

दोन व्होल्टने काय होतं असं वाटेल. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, साधारण ३.४ व्या घातात कोसळतो. एच-४ चं डिपर १३.२ व्होल्टला सुमारे १००० ल्युमेन देतं. ११.७ ला त्यातलं दोन-तृतीयांश उरतं. १०.५ पर्यंत घसरलं तर निम्म्याखाली. म्हणजे कित्येक जण दिवे बदलायला निघतात ते दिवे मंद म्हणून नव्हे, तर त्यांना उपाशी ठेवलंय म्हणून. मीही त्यातलाच एक.

रिलेचं काम

उपाय साधा आहे. जुन्या वायरीवरचं ओझं काढून घ्यायचं आणि तिच्याकडे फक्त निरोप पोचवायचं काम ठेवायचं. ओझं वाहायला बॅटरीपासून दिव्यापर्यंत नवी, जाड, आखूड वायर.

रिले म्हणजे कॉइलच्या बारीक करंटने मोठा करंट जोडणारा स्विच. चार पिनांचे १२ व्होल्टचे, ३० किंवा ४० अँपियरचे असे दोन लागतात, एक डिपरला, एक अप्परला. पिनांवर आकडे छापलेले असतात: ३०, ८७, ८५, ८६. जुन्या हेडलाइटच्या कपलरमधून येणारी डिपरची वायर एका रिलेच्या ८६ ला, अप्परची दुसऱ्याच्या ८६ ला. दोन्हींच्या ८५ अर्थला. बॅटरीच्या प्लसकडून फ्यूजमार्गे येणारी जाड वायर दोन्हींच्या ३० ला. ८७ मधून निघालेली वायर दिव्याला. कॉइल जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपियर खेचते, त्यामुळे त्या थकलेल्या स्विचवर आता काहीच भार उरत नाही. काही रिलेंच्या आत कॉइलला समांतर डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग असतो. अशा रिलेत ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनसच हवा, उलट जोडलंत तर डायोड शॉर्ट होऊन जातो. पाच पिनांचा रिले मिळाला तर मधली ८७ए मोकळी सोडा. तिला चुकून दिवा जोडलात तर स्विच बंद केल्यावर दिवे लागतात.

वायर मी बॅटरीपासून रिलेपर्यंत ४ चौरस मिलिमीटरची टाकली आणि रिलेपासून दिव्यांपर्यंत २.५ ची. याहून जाड टाकायचा मोह होतो, पण मग ती थिंबलमध्ये नीट बसत नाही आणि वळणावर ताण देते. अर्थची वायरही २.५ चीच. प्लस जाड आणि अर्थ जुनीच केसासारखी, हे मी बाजारातल्या तयार हार्नेसमध्येही, म्हणजे जोडून आलेल्या वायरींच्या संचातही पाहिलंय. जितका करंट जातो तितकाच परत येतो, त्याला परतीचा रस्ताही तेवढाच रुंद लागतो. दोन्ही दिव्यांचे अर्थ मी पत्र्यावर न सोडता एका ठिकाणी आणले आणि तिथून एक वायर थेट बॅटरीच्या मायनसला नेली.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. ही गोष्ट ऐच्छिक नाही. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधली वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर तिला थांबवणारं कुणी नसतं, आणि बॅटरी शेकडो अँपियर ओतू शकते. मी तिथे एक ३० अँपियरचा मुख्य फ्यूज ठेवला आणि पुढे प्रत्येक दिव्याच्या प्रत्येक फिलामेंटला वेगळा १० अँपियरचा, असे चार. एकच फ्यूज ठेवला असता तर वायरी कमी लागल्या असत्या. पण रात्री वळणावर तो गेला तर दोन्ही दिवे एकदम जातात. लिफ्टमध्ये असा सगळ्याचा एकच फ्यूज कुणी ठेवला असता तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

आता जोडणी. पीळ मारून वर टेप गुंडाळायची नाही. बॉनेटखाली उन्हाळ्यात टेपचा गोंद पाघळतो आणि पावसाळ्यात त्याच सांध्यात पाणी बसतं. जुन्या वायरीत टोचून बसवायचे निळे-लाल चाप मिळतात, तेही नकोत. ते दोन-चार तारा कापतात आणि हवेला दार उघडून देतात. योग्य पक्कडने क्रिम्प करा, म्हणजे थिंबल वायरीवर दाबून आवळा, वर आतून गोंद असलेली स्लीव्ह चढवून गरम करा. सोल्डर वाईट नाही, पण सोल्डर जिथे संपतं तिथे वायर कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. जुनी वायर सोलल्यावर तांबं काळं दिसलं तर अजून मागे सोला. काळ्या तांब्यावर क्रिम्प टिकत नाही. वायरला ओढून बघा, जोर लावून ओढा. हातात आली तर बरंच झालं, रस्त्यात येणार होती ती आत्ता आली.

रिले पिना खाली करून लावा, म्हणजे त्यात पाणी साचत नाही. दिव्याकडे जाणारी वायर कपलरच्या आधी थोडी खाली झुकवून मग वर न्या, म्हणजे थेंब तिथून गळून पडतो, कपलरमध्ये शिरत नाही. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी बॅटरीचा मायनस काढून ठेवा. मायनस आधी, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगीचं कारंजं उडतं. ज्या गाडीत प्लस बॉडीला असतो तिथे अर्थातच आधी प्लस.

काम संपल्यावर माझी मापं: बॅटरीवर १३.७, प्लसच्या वाटेत ०.३, अर्थमध्ये ०.१, दिव्यावर १३.३. त्याच जुन्या हॅलोजन दिव्यांनी समोरची भिंत पांढरी केली. भाचा म्हणाला, "मग एलईडी कशाला आणले?" मला पटकन उत्तर सुचलं नाही. पुढचे चार महिने मी हॅलोजनवरच चालवली. तुमचं समाधान इथेच होत असेल तर इथेच थांबा.

एलईडीला रिले लागतोच का, असं कुणी विचारलं तर प्रामाणिक उत्तर असं की नेहमी लागत नाही. एलईडी दिवा हॅलोजनच्या निम्मा किंवा त्याहून कमी करंट घेतो, त्यामुळे जुन्या वायरीतली गळतीही तेवढी कमी होते. पण जुन्या स्विचच्या पट्ट्या मोठ्या करंटसाठी घडवलेल्या असतात, तो करंट पट्टीवरचा गंजाचा पातळ थर जाळत राहतो. बारीक करंटने तो थर जळत नाही, आणि काही महिन्यांनी दिवे लुकलुकायला लागतात. मग लोक दिव्याला शिव्या देतात. गळती एकूण अर्ध्या व्होल्टच्या आत असेल आणि स्विच स्वच्छ असेल तर रिलेशिवाय चालवा.

मायनस तोडणाऱ्या गाड्या

काही गाड्यांमध्ये, विशेषतः बऱ्याच जुन्या जपानी गाड्यांमध्ये, सगळं उलटं असतं. सामाईक पिनेवर प्लस येतो आणि डिपरचा खटका अर्थ जोडतो-तोडतो. हॅलोजनला दिशेशी देणंघेणं नसतं. एच-४ च्या जागी बसणारे एलईडी दिवे मात्र बहुतेक सामाईक पिनेवर मायनस धरूनच बनवलेले असतात. ते अशा गाडीत मुळीच पेटत नाहीत, किंवा अप्पर-डिपरचा घोळ घालतात.

ओळखायचं कसं? जुना दिवा जोडलेला ठेवून डिपर लावा आणि तिन्ही पिना बॉडीच्या तुलनेत मापा. साध्या गाडीत एकाच पिनेवर प्लस दिसतो, डिपरच्या. उलट्या गाडीत दोन पिनांवर प्लस दिसतो, सामाईक आणि अप्पर, आणि डिपरची पीन शून्याजवळ असते.

इथे रिले दुप्पट उपयोगी पडतो. कॉइलला कुठला प्लस आणि कुठला मायनस मिळतो याची दिव्याला खबरच नसते. जुन्या कपलरमधली सामाईक प्लस वायर दोन्ही रिलेंच्या ८६ ला द्या, डिपरची वायर एकाच्या ८५ ला आणि अप्परची दुसऱ्याच्या ८५ ला. ३० आणि ८७ मघासारखेच, आणि नव्या दिव्याची सामाईक पीन सरळ अर्थला. निळ्या दिव्याचा करंट पूर्वी फिलामेंटमधून परतत असेल तर आता तो कॉइलमधून जाऊ बघेल, आणि एवढासा करंटही कधीकधी रिले धरून ठेवायला पुरतो. असं झालं तर निळ्या दिव्याची जुनी वायर सोडवा आणि त्याला अप्परच्या रिलेच्या ८७ वरून स्वतंत्र बारीक वायर द्या, मध्ये १ किंवा २ अँपियरचा फ्यूज ठेवून.

दिवा कोणता घ्यायचा

माझं मत ठाम आहे: आख्खा दिवा बदला, जुन्या हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसू नका. रिफ्लेक्टरचा प्रत्येक उंचवटा फिलामेंटच्या काही मिलिमीटरच्या जागेवर बेतलेला असतो. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी धातूची वाटी असते, तीच उजेडाची वरची कड कापते. एलईडीच्या चिप पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या असतात, त्यांना त्या नेमक्या जागेची नक्कल क्वचितच जमते. भिंतीवर उजेड भरपूर दिसतो, पण तो समोरच्याच्या डोळ्यात जातो. शिवाय बऱ्याच देशांत असा बल्ब कायद्यातही बसत नाही. झेनॉनचे जोडकिट याहून वाईट, वर ते सुरू होताना २० हजार व्होल्टच्या पुढचा झटका तयार करतात. त्या वाटेला मी जात नाही.

दिव्याच्या काचेवर मंजुरीची खूण बघा, वर्तुळात इंग्रजी ई आणि शेजारी आकडा. त्याच काचेवर बाण असेल तर तो महत्त्वाचा. दिव्याकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवीकडे दाखवणारा बाण म्हणजे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या वाहतुकीसाठीचा दिवा. बाणच नसेल तर तो उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठी. दोन टोकांचा बाण म्हणजे दोन्हींसाठी. चुकीच्या बाजूचा दिवा उजेडाची चढती कड कडेच्या फलकांऐवजी समोरून येणाऱ्याच्या काचेवर चढवतो, आणि ती चूक स्क्रू फिरवून दुरुस्त होत नाही.

बसवणं तसं सोपं आहे. रिंगच्या स्क्रूंना आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल लावून ठेवा. रिंग धरणारे स्क्रू आणि दिव्याची दिशा ठरवणारे दोन लांब स्क्रू वेगळे असतात, लांब स्क्रूंना आत्ता हात लावू नका. एलईडी दिव्याच्या मागची ॲल्युमिनियमची कंगोऱ्यांची पाठ जुन्या बल्बपेक्षा खोल असते. ती मागच्या वाटीला टेकते का, वायर चिमटत नाही ना, हे कार्डबोर्डची पट्टी घालून तपासा. पाठीला हवा लागली नाही तर दिवा तापून आपणच मंद होतो.

बसवल्यावरच्या कटकटी

अप्पर लावलं की डिपर विझतं, आणि गाडीपुढचा जवळचा रस्ता काळा होतो. जुना खटका एका वेळी एकच वायर जिवंत ठेवतो आणि एच-४ ला तेच हवं असतं. पण काही एलईडी दिव्यांत अप्पर हे डिपरच्या जोडीने चालायचं असतं. दिव्याच्या कागदावर तसं लिहिलेलं असेल तर अप्परच्या रिलेच्या ८६ पासून डिपरच्या रिलेच्या ८६ कडे जाणारा एक डायोड टाका, त्याच्या अंगावरचा पट्टा डिपरकडे. १एन४००७ पुरतो, कॉइलचा करंट त्याला किरकोळ आहे. डिपरच्या जुन्या वायरीतही तसाच एक डायोड टाका, पट्टा रिलेकडे, म्हणजे उलटा करंट खटक्याकडे जाणार नाही. हा डायोड हॅलोजनसोबत ठेवू नका. दोन्ही फिलामेंट सतत एकत्र जळली तर ११५ वॅटची उष्णता होल्डर वितळवते. आणि ही जोडणी प्लस तोडणाऱ्या साध्या गाडीची आहे. मायनस तोडणाऱ्या गाडीत डायोड दोन्ही ८५ च्या मध्ये, उलट्या दिशेने येतो.

लुकलुकणं. जुन्या साध्या गाडीत लुकलुकणं म्हणजे दहातले नऊ वेळा सैल पीन किंवा अर्थ. कपलर हलवून बघा, त्यातली पीन चिमट्याने किंचित आवळा. गाडी त्यातल्या त्यात नवी असेल आणि तिचा संगणक बल्ब गेला का हे तपासत असेल, तर तो वायरीतून बारीक ठोके पाठवतो किंवा उजेड कमी करायला वीज वेगाने चालू-बंद करतो. फिलामेंट इतक्या झटपट थंड होत नाही म्हणून ते दिसत नाही, एलईडी प्रत्येक ठोका दाखवतो. अशा गाडीत रिले लावला तर रिलेच मधमाशीसारखा गुणगुणतो. तिथे एक डायोड आणि कॉइलला समांतर कपॅसिटर असलेलं तयार हार्नेस वापरा. संगणकाची समजूत घालायला मोठा रेझिस्टर लावायचा सल्ला मिळेल. ६ ओहमचा रेझिस्टर १३.८ व्होल्टला ३० वॅटच्या वर तापतो, हात भाजण्याइतका. लावायचाच असेल तर पत्र्यावर लावा, प्लास्टिकवर किंवा वायरींच्या जुडग्यावर कधीही नाही.

दिवे लावले की रेडिओ खरखरतो. दिव्यातल्या ड्रायव्हरचा, म्हणजे एलईडीला करंट पुरवणाऱ्या सर्किटचा तो आवाज. वायरवर फेराइटचा चाप, अर्थ आखूड, आणि अँटेनाची वायर दूर. एवढ्याने नाही थांबलं तर दिवाच हलका आहे.

आतून वाफ धरणं वेगळं आणि पाणी साचणं वेगळं. थंड पहाटे काचेच्या कडेला धुकं येतं आणि तासाभरात जातं, ते चालायचंच. थेंब ओघळत असतील तर दिवा परत करा. अजून एक, हॅलोजनच्या उष्णतेने काचेवरचं दव किंवा बर्फ उडून जायचं. एलईडीची काच थंड राहते, ती हाताने पुसावी लागते.

दिशा

जुने दिवे काढायच्या आधीच गाडी सपाट जागी भिंतीपासून ५ मीटरवर उभी करून दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची आणि उजेडाची कड भिंतीवर चिकटपट्टीने खुणावून ठेवा. मी पहिल्यांदा हे विसरलो होतो. चाकांत हवा बरोबर, टाकी निम्मी, ड्रायव्हरच्या जागी कुणीतरी बसलेलं. मी भाच्याला बसवलं. डिपरची कड दर मीटरला १ सेंटिमीटर खाली उतरायला हवी, म्हणजे ५ मीटरवर दिव्याच्या मध्यापेक्षा ५ सेंटिमीटर खाली. तुमच्या गाडीवर वेगळा आकडा छापलेला असेल तर तो धरा. एका दिव्यावर टॉवेल टाकून दुसरा लावा, मग उलट. एलईडीची कड चाकूने कापल्यासारखी असते, त्यामुळे अर्धी फेरीही दिसते. स्क्रू नेहमी वर चढवत येऊन थांबवा, खाली उतरवत थांबवलात तर आट्यांतली सैल जागा पहिल्या खड्ड्यात दिवा पाडते. मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान असेल तर नाक वर होतं, लांबच्या प्रवासाआधी तेही बघा.

जुना एच-४ बल्ब मी फेकला नाही. त्याच्या डिपरच्या आणि सामाईक पिनांना मीटरभर वायर आणि मगरचाप लावून ठेवलेत. एलईडी फक्त लागतो किंवा लागत नाही, वाट किती खराब झाली हे तो सांगत नाही. ५५ वॅटचा हा बल्ब सांगतो. महिन्याभराने, दोन जोरदार पाऊस होऊन गेल्यावर, उजव्या दिव्याचा कपलर काढून त्यात तो लावला, डिपर पेटवलं आणि अर्थचं माप घेतलं. ०.१ व्होल्ट. डावीकडे ०.३ आलं होतं. तिथल्या अर्थचा स्क्रू पाव फेरी सैल झाला होता.